श्रीपाद कृष्ण कोल्हटकर

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (जन्म : नागपूर, २९ जून १८७१; मृत्यू : पुणे, १ जून १९३४) हे मराठी नाटककार, नाट्यपदकार, विनोदी लेखक, कवी व समीक्षक होते. मराठी विनोदी निबंधाचे प्रवर्तक ही त्यांची आजची मुख्य ओळख असली, तरी त्यांच्या हयातीतील पहिली कीर्ती संगीत नाटकांनी मिळवून दिलेली होती. त्यांनी बारा नाटके लिहिली. किर्लोस्करी परंपरेत रुळलेल्या साकी-दिंडीच्या जागी पारशी-गुजराती व उर्दू रंगभूमीवरील चाली मोठ्या प्रमाणावर आणून त्यांवर मराठी पदे बांधणारे नाटककार म्हणून नाट्यसंगीताच्या इतिहासात त्यांचे स्थान आहे. त्यांनी घडवून आणलेला हा पालट टिकला. त्यांची पदे मात्र थोडे अपवाद वगळता गायनातून मागे पडली. महाराष्ट्रगीत म्हणून ओळखले जाणारे 'बहु असोत सुंदर' हे त्यांचेच गीत होय.

जीवन

कोल्हटकरांचा जन्म नागपूरचा. उच्च शिक्षणासाठी ते पुण्यास डेक्कन कॉलेजात होते. १८९१ मध्ये ते बी.ए. व १८९७ मध्ये एल्‌एल्‌.बी. झाले. त्यानंतर त्यांनी वऱ्हाडात प्रथम अकोला, मग खामगाव आणि पुढे जळगाव (जामोद) येथे वकिली केली. पुणे-मुंबईच्या शिक्षणकाळात त्यांना दोन रंगभूमींचा परिचय झाला. पुण्यात किर्लोस्कर नाटक मंडळीची नाटके होत असत, तर मुंबईत पारशी मंडळ्यांची उर्दू व गुजराती नाटके जोरात होती. या दुसऱ्या रंगभूमीच्या संगीताची त्यांना विशेष ओढ वाटे.

त्यांच्या लेखनाचा आरंभ नाटकाने नव्हे, नाट्यसमीक्षेने झाला. 'विक्रमशशिकला' या नाटकावरील त्यांचे परीक्षण १८९३ मध्ये 'विविधज्ञानविस्तार' या मासिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, कायद्याचे शिक्षण पुरे होण्यापूर्वीच, त्यांचे 'वीरतनय' हे पहिले नाटक किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. त्या वेळी ते पंचविशीत होते.

पुढील काळात त्यांचा व्यवसाय वऱ्हाडात आणि त्यांची नाटके करणाऱ्या मंडळ्या मात्र फिरतीवर, असा प्रकार राहिला. जळगाव (जामोद) हे बुलढाणा जिल्ह्यातील, सातपुड्याच्या पायथ्याचे, रेल्वेपासून दूर असलेले तालुक्याचे गाव. गोविंद बल्लाळ देवल हे नाटककार मंडळीत राहून नटांना तालीम देणारे होते. कोल्हटकर हे मंडळीबाहेरचे, कचेरीची कामे सांभाळून लिहिणारे गृहस्थ होते. दोघांच्या पदांतील फरकाचा विचार करताना हा तपशील दुर्लक्षिण्याजोगा नाही.

१९२७ मध्ये पुणे येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांचे 'आत्मवृत्त' मृत्यूनंतर, १९३५ मध्ये, प्रसिद्ध झाले.

कोल्हटकरपूर्व नाट्यपदे

बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतल' या नाटकाचा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. तत्पूर्वीच्या नाटकांत गायन मुख्यतः सूत्रधाराकडे असे. किर्लोस्करांनी ते पात्रांच्या तोंडी दिले. शाकुंतलातील पद्यांची संख्या दोनशेच्या घरात जाते. एवढी पद्ये एका प्रयोगात मावत, याचे कारण त्यांपैकी पुष्कळशी आजच्या अर्थाने 'गाणी' नव्हतीच. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, ओवी या परिचित छंदांतील ती छोटी पद्ये होती. संवाद चालू असता पात्र चार ओळी म्हणून पुन्हा गद्यात येई.

दिंडीचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होते. दिंडीच्या चरणात एकोणीस मात्रा असतात व नवव्या मात्रेनंतर विराम येतो. कीर्तनामुळे ही चाल श्रोत्यांच्या कानात आधीच बसलेली असे. चाल ओळखीची असल्याने लक्ष शब्दांकडे जाई. नटालाही तिच्यात आलापीला फारसा वाव नसे, त्यामुळे चरण म्हणून होताच अर्थ पोहोचलेला असे. याखेरीज किर्लोस्करांनी लावण्यांच्या, कानडी पदांच्या व हिंदुस्थानी चिजांच्या चाली वापरल्या होत्या. तेव्हा परक्या चालीवर मराठी शब्द बसविण्याची रीत कोल्हटकरांनी प्रथम काढली असे म्हणता येत नाही. त्यांनी चालींचा उगम आणि त्यांचे प्रमाण या दोन गोष्टी बदलल्या.

नव्या चाली

पारशी रंगभूमीचे संगीत हे मिश्र घडणीचे होते. ठुमरी, गझल, होरी यांसारखे उत्तर हिंदुस्थानी प्रकार, गुजराती गीते आणि काही अंशी पाश्चात्त्य धाटणीच्या सुरावटी त्यात एकत्र आल्या होत्या. या चाली ठेक्यात चपळ, लयीत विविध आणि पहिल्याच श्रवणी मन वेधणाऱ्या होत्या. कोल्हटकरांनी 'वीरतनय' नाटकापासून त्यांना मराठी रंगभूमीवर मोकळी वाट करून दिली. परिणामी संवादाला जोडून येणारी लहान पद्ये मागे पडू लागली आणि स्वतंत्रपणे गाता येईल, रंगविता येईल असे 'पद' पुढे आले.

त्या काळातील संगीत नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल' म्हणून मूळ गीताचे आरंभीचे शब्द देण्याचा प्रघात होता. पुष्कळदा राग व ताल यांचाही उल्लेख असे. स्वरलेखन सार्वत्रिक नसताना चाल कळविण्याचा हाच व्यवहार्य मार्ग होता. वाचकाला मूळ गीत ठाऊक असेल तर त्याला मराठी पद म्हणता येई. ठाऊक नसेल तर छापलेल्या शब्दांवरून लयीचा अंदाज करण्यापलीकडे काही हाती लागत नसे. उर्दू व गुजराती नाटकांतील पुष्कळ मूळ गाणी पुढे विस्मृतीत गेली आणि त्यांवर बेतलेल्या मराठी पदांच्या चालीही त्यांच्याबरोबर दुर्बोध झाल्या. कोल्हटकरांची पदे नंतरच्या पिढ्यांकडून कमी गायिली गेली, त्यामागील एक साधे कारण येथेही सापडते.

चाल आधी, शब्द नंतर

छंदात लिहिणारा कवी आणि चालीवर लिहिणारा पदकार यांच्यापुढील अडचणी निराळ्या असतात. छंदात मात्रांची बेरीज जमली की काम होते. ऱ्हस्व कोठे व दीर्घ कोठे याला मात्रावृत्तात बरीच मोकळीक असते. तयार चालीवर शब्द बसविताना मात्र सुरावटीत जेथे स्वर लांबतो तेथे दीर्घ अक्षर हवे असते आणि जेथे स्वर झरझर पुढे सरकतात तेथे लघू अक्षरांची माळ हवी असते. समेवर येणारे अक्षर दुबळे असून चालत नाही. याशिवाय ध्रुवपदाकडे परतताना अंतऱ्याचा शेवट त्याच्याशी जुळावा लागतो, तो वेगळाच.

मराठीची प्रकृती या कामात पदकाराला फारशी साथ देत नाही. 'आहे', 'झाला', 'येतो', 'केली' अशी मराठी क्रियापदे बहुधा दीर्घ स्वरान्त असतात. सामान्यरूपे व विभक्तिप्रत्ययही शब्द लांबवितात. चपळ चालीत लागोपाठ पाच-सहा लघू अक्षरे हवी असतील, तर बोलीतले साधे वाक्य तेथे बसत नाही. 'नयन', 'कमल', 'सरस', 'मधुर' असे तीन-तीन लघूंचे तत्सम शब्द मात्र चटकन बसतात आणि समासाने ते हवे तेवढे जोडताही येतात. कर्ता, कर्म, क्रियापद यांचा नेहमीचा क्रमही मग चालीच्या सोयीने उलटसुलट करावा लागतो. कोल्हटकरांच्या पदांत आढळणारे संस्कृतप्रचुर समास आणि दूरान्वय यांचा उलगडा केवळ पांडित्याच्या हौसेने होत नाही. पारशी चालींवर मराठी लिहावयाचे ठरविल्यावर ते जवळजवळ ओघानेच येतात.

तथापि सगळा दोष चालींवर टाकणेही योग्य होणार नाही. कोल्हटकरांच्या प्रतिभेचा मूळ कल चमत्कृतीकडे होता. कोटी, विरोधाभास, अनपेक्षित उपमा आणि तर्काने ताणलेली कल्पना ही त्यांच्या गद्य विनोदाची बलस्थाने होत, आणि तीच त्यांनी पदांतही वापरली. निबंधाचा वाचक एखादी कोटी निसटली तर मागे वळून ओळ पुन्हा वाचू शकतो. नाट्यगृहातील श्रोत्याला ती सोय नसते. कल्पनेवर उभारलेल्या पदातील एक शब्द तानेत हरवला की सारी कल्पनाच कोसळते. भावनेवर उभारलेल्या पदात तसे होत नाही, कारण तेथे सूर स्वतःच अर्धा अर्थ सांगत असतो. चालीने मागितलेली गुंतागुंत आणि लेखकाला आवडणारी गुंतागुंत अशा दोन गोष्टी एकाच पदात एकत्र आल्या, हे कोल्हटकरांच्या पदरचनेचे खरे वैशिष्ट्य आणि खरी अडचणही होय.

'शारदा' आणि 'मूकनायक'

हा फरक समजण्यासाठी एकाच मंडळीची, दोनेक वर्षांच्या अंतराने आलेली दोन नाटके शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ मध्ये किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. पैशासाठी कोवळ्या मुलीचे लग्न म्हाताऱ्याशी लावून देण्याच्या चालीवर त्याचा रोख होता. त्यातील पदे मुलीबाळींच्या बोलण्यातून उचलल्यासारखी आहेत. नाटक न पाहिलेल्या घरांतूनही ती म्हटली जात. देवलांनी जुने छंद व सोप्या चाली सोडल्या नाहीत आणि वाक्यरचना बोलण्याच्या वळणावर ठेवली.

कोल्हटकरांचे 'मूकनायक' १९०१ चे. मद्यपानाचे दुष्परिणाम हा त्याचा सामाजिक विषय, पण तो एका प्रणयकथेत गुंफलेला आहे. संगीत नाटकाचा नायक मुक्याचे सोंग घेतो, ही कल्पनाच कोल्हटकरांच्या बुद्धीची ओळख पटविणारी आहे. ज्या नाट्यप्रकारात मनातले सारे गाऊन दाखवावयाचे, त्यात नायकालाच अबोल करून त्यांनी प्रसंगांची रंजकता साधली. या नाटकातील 'उगीच का कांता' हे पद कोल्हटकरांच्या पदांपैकी सर्वांत दीर्घायुषी ठरलेल्यांपैकी एक होय. या पदाचा आरंभ साध्या, संवादी वळणाचा आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

दोन्ही नाटकांना त्यांच्या काळी प्रेक्षक लाभले. 'शारदा' नाटकाने विषयाच्या जोरावर समाजाला हलविले. 'मूकनायक' नाटकाने प्रेक्षकांना नव्या संगीताची आणि चतुर संवादांची चटक लावली. देवलांच्या साधेपणाची थोरवी सर्वमान्य झाली ती पुढे. समकालीन तरुण लेखकांना मात्र आकर्षण वाटले ते कोल्हटकरांचे.

गायक नट

कोल्हटकरांच्या पदांचा विचार ती गाणाऱ्या नटांना वगळून करता येत नाही. किर्लोस्कर मंडळीचे अग्रगण्य गायक नट भाऊराव कोल्हटकर यांचे १९०१ मध्ये निधन झाले. पुढे नारायण श्रीपाद राजहंस उर्फ बालगंधर्व मंडळीत आले. 'मूकनायक' नाटकातील सरोजिनी व 'गुप्तमंजूष' नाटकातील नंदिनी या त्यांच्या आरंभीच्या काळातील स्त्रीभूमिकांपैकी होत. बालगंधर्वांच्या कीर्तीचा कळस पुढे खाडिलकरांच्या नाटकांत झाला; परंतु पद रंगवून गाण्याची जी संधी त्यांना तेथे मिळाली, तिची पूर्वतयारी कोल्हटकरांच्या नाटकांनी करून ठेवली होती.

गायक नटाच्या दृष्टीने या पदांत लाभ होता. लघू अक्षरांची माळ तानेला अडथळा करीत नाही, आणि चाल आकर्षक असल्याने शब्द नीट न कळले तरी टाळी मिळे. नाटककाराच्या दृष्टीने तोट्याची बाजूही हीच होती. पद जितके रंगे, तितका संवाद थांबून राही. संगीत नाटकात नाट्य अधिक की संगीत अधिक, हा पुढे अनेक दशके चाललेला वाद कोल्हटकरांच्या काळातच उभा राहिला होता.

नाटकांचे विषय

'मूकनायक' नाटकात मद्यपान, 'गुप्तमंजूष' नाटकात स्त्रीशिक्षण आणि 'मतिविकार' (१९०७) नाटकात विधवांचा पुनर्विवाह हे विषय येतात. 'प्रेमशोधन', 'वधूपरीक्षा' (१९१४), 'सहचारिणी', 'जन्मरहस्य', 'परिवर्तन', 'शिवपावित्र्य' आणि 'श्रमसाफल्य' ही त्यांची नंतरची नाटके. 'मायाविवाह' हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १९४६ मध्ये, प्रसिद्ध झाले.

विचाराने कोल्हटकर सुधारकांच्या बाजूचे होते. पण त्यांची नाटके घडतात ती बहुधा काल्पनिक राजघराण्यांत किंवा वेषांतर, गुप्त जन्म, चुकलेली ओळख अशा योगायोगांच्या जगात. शेक्सपिअर व मोल्येर यांच्या सुखात्मिकांचा ठसा त्यांवर दिसतो. यामुळे सुधारणेचा विषय कथानकात अनेकदा झाकला जाई. पुनर्विवाहासारखा प्रश्न, ज्यावरून त्या काळी घरे फुटत होती, तो रंगभूमीवर कोट्यांच्या व पदांच्या सजावटीत आला की त्याची धार कमी होई. देवलांच्या 'शारदा' नाटकाशी होणाऱ्या तुलनेत कोल्हटकरांची बाजू नेहमी लंगडी पडते ती येथे.

अन्य लेखन

रंगभूमीबाहेर कोल्हटकरांचे यश अधिक टिकाऊ ठरले. १९०२ मधील 'साक्षीदार' या लेखापासून त्यांनी विनोदी निबंधमालेस आरंभ केला. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या तीन पात्रांच्या उद्योगांतून त्यांनी शकुन, ज्योतिष, सण, लग्नकार्ये व नाना रूढींची थट्टा केली. हे लेख १९१० मध्ये 'सुदाम्याचे पोहे अर्थात अठरा धान्यांचे कडबोळे' या नावाने ग्रंथरूप झाले व १९२३ च्या वाढविलेल्या आवृत्तीत त्यांची संख्या बत्तीस झाली. नाटकांत सौम्य वाटणारा सुधारक येथे मोकळेपणाने बोलतो.

ज्योतिर्गणित हा त्यांचा आवडीचा विषय होता. 'भारतीय ज्योतिर्गणित' हा त्यांचा ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. 'दुटप्पी की दुहेरी?' आणि 'श्यामसुंदर' या कादंबऱ्याही त्यांनी लिहिल्या.

'गीतोपायन' (१९२४) हा त्यांच्या कवितांचा संग्रह. त्यांच्या गीतरचनेत सर्वांत अधिक कंठांवर पोहोचले ते महाराष्ट्रगीत; आणि ते कोणत्याही नाटकातील पद नाही. त्यातही प्रौढ, संस्कृतनिष्ठ शब्दकळा व दीर्घ समास आहेत. तरी समूहाने, सावकाश, ताना न घेता गाण्याच्या गीतात अशी शब्दकळा भारदस्त वाटते. अर्थ निसटण्याची भीती तेथे नसते. नाट्यपदांत ज्या गुणांनी घात केला, तेच येथे उपयोगी पडले. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून निवडले ते राजा बढे यांचे 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत. योगायोगाने बढे हेही मूळचे नागपूरचेच.

शिष्यपरंपरा व प्रभाव

राम गणेश गडकरी हे कोल्हटकरांना गुरू मानीत. गडकऱ्यांनी 'बाळकराम' या टोपणनावाने केलेले विनोदी लेखन 'सुदाम्याचे पोहे' यांच्या वळणावर गेलेले आहे, आणि त्यांच्या नाटकांतील कोटिबाज संवादांवरही गुरूची छाया आहे. वि. स. खांडेकर यांनीही आरंभकाळात कोल्हटकरांना आदर्श मानले. कोल्हटकरांचा हा प्रभाव मुख्यतः गद्यातून पुढे गेला.

पदरचनेच्या बाबतीत पुढची वाट वेगळी झाली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'संगीत मानापमान' १२ मार्च १९११ रोजी रंगभूमीवर आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या. १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकासाठी भास्करबुवा बखले यांनी रागदारीतील चाली निवडल्या. म्हणजे चाल ठरविण्याचे काम नाटककाराकडून संगीतकाराकडे गेले. चाल आधी व शब्द नंतर हा क्रम कायम राहिला, पण पारशी गीतांची जागा ख्याल-ठुमरीच्या चिजांनी घेतली. खाडिलकरांच्या पदांवरही क्लिष्टतेचे आक्षेप आलेच. त्या पदांना दीर्घ आयुष्य लाभले ते चालींच्या व बालगंधर्वांच्या गायनाच्या बळावर.

याच्याही पुढची पायरी कोल्हटकरांच्या शिष्याच्या नाटकात दिसते. गडकऱ्यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळील सावनेर येथे निधन झाले. त्यांच्या 'एकच प्याला' नाटकाचा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने त्यानंतर महिन्याभरात बडोदे येथे केला. त्यातील पदे गडकऱ्यांची नसून विठ्ठल सीताराम गुर्जर यांची आहेत. नाटककार एक आणि पदकार दुसरा, ही विभागणी येथे स्पष्टपणे पुढे आली. श्रोते मात्र ती पदे आजही पुष्कळदा गडकऱ्यांच्या नावावर टाकतात. नाट्यपद गायकाच्या आणि नाटकाच्या नावाने ओळखले जाते, पदकाराच्या नावाने क्वचितच. कोल्हटकरांच्याही वाट्याला काही प्रमाणात हेच आले.

विदर्भ आणि संगीत नाटक

कोल्हटकर वैदर्भीय असले तरी त्यांची नाटके पुणे-मुंबईकडील मंडळ्यांनी केली. या मंडळ्या वऱ्हाडातील अकोला, अमरावती, खामगाव यांसारख्या कापसाच्या पेठांतून व नागपुरास दौरे करीत. नागपूरच्या पूर्वेस वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा जिल्ह्यातील पवनी-साकोलीपासून ब्रह्मपुरी व वडसा येथपर्यंतच्या झाडीपट्टीत, रंगभूमीचा निराळाच प्रवाह आढळतो. दंडार व खडी गंमत या लोकप्रकारांची पार्श्वभूमी असलेली तेथील नाटके धानाची कापणी झाल्यावर, शंकरपट व मंडईच्या निमित्ताने, रात्रभर चालतात आणि गाण्यांवाचून ती पुरी होत नाहीत. संगीत नाटकाचा व्यवसाय शहरांतून ओसरल्यावरही प्रत्यक्ष वाद्यमेळासह पात्रांनी गाण्याची रीत येथे टिकून राहिली. कोल्हटकरांच्या नाटकांशी या रंगभूमीचा थेट संबंध जोडता येत नाही. दोहोंत समान आहे ती प्रेक्षकांची, पात्राने बोलता बोलता गाऊ लागावे, ही अपेक्षा.

शहरी रंगभूमीवर विदर्भाचा पदकार पुन्हा ठळकपणे दिसला तो १९६७ मध्ये. नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाला जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत होते आणि वसंतराव देशपांडे यांची भूमिका होती. गायनकलेलाच नाटकाचा विषय केल्यामुळे पदाने कथानक अडते, हा जुना आक्षेप तेथे आपोआप निकालात निघाला.

अखेरचा काळ

कोल्हटकरांच्या अखेरच्या वर्षांत संगीत नाटकाचा भर ओसरत चालला होता. १९३१ मध्ये बोलपट आला आणि नाट्यमंडळ्यांचे गायक नट व प्रेक्षक तिकडे वळू लागले. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक सादर केले. त्यात गाणी मोजकीच होती व ती केशवराव भोळे यांनी भावगीताच्या अंगाने बांधली होती. शब्द स्पष्ट कळावेत आणि पद लवकर संपावे, हा त्यामागील हेतू होता. या प्रयोगानंतर अकरा महिन्यांनी कोल्हटकरांचे पुण्यात निधन झाले.